चौदा आवाज

गाडी तिच्याहून तीन महिन्यांनी मोठी होती, आणि घरात दोघींनाही कुणी फारसं मनावर घेत नसे. गाडी प्रत्येक खड्ड्याला खडखडायची आणि ती प्रत्येक खडखडीला दचकायची; म्हणून दादाने गाडीचं नाव ठेवलं होतं खुळखुळा आणि बहिणीचं दचकूबाई. दारावरची बेल, कुणाची तरी शिंक, वाऱ्याने आपटलेली खिडकी, इतकंच काय, स्वतःच्याच हातातला फोन वाजला तरी तिच्या अंगातून झटका गेल्यासारखं व्हायचं, आणि मग हातात जे काही असेल ते जमिनीवर. आईने तिच्या चहाला म्हणून स्टीलचा कप वेगळा काढून ठेवला होता. रसायनशास्त्राची पदवी तिने पहिल्या वर्गात मिळवली, पण ती मिळवताना प्रयोगशाळेतलं किती काचसामान फोडलं, याचीच गोष्ट दादा पाहुण्यांना न चुकता सांगायचा.

तर अशा या मुलीला नोकरी लागली. शहरापासून चाळीस किलोमीटरवर, धरणाच्या काठाला, पाणी तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे सकाळी आठला हजर व्हायचं, आणि दिवसातली पहिली बस तिथे पोचायची दहाला. आसपास राहायला एक खोलीसुद्धा नाही. म्हणजे नोकरी हवी तर गाडी हवी, आणि गाडी म्हणजे खुळखुळा. परवाना होता, हातही बरा होता. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मागच्याच आठवड्यात पुलावर समोरच्या कप्प्याचं झाकण धाडकन उघडलं, ती दचकली, आणि भर रहदारीत तिने करकचून ब्रेक दाबला. मागचा ट्रक वीतभर अंतर राखून थांबला. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून जो काही उद्धार केला, तो शेजारी बसलेल्या बाबांनी शांतपणे ऐकून घेतला.

बाबांनी तीस वर्षं लिफ्टची देखभाल केली होती. माणसांना वर-खाली नेणाऱ्या यंत्राशी आयुष्य काढल्यामुळे की काय, ते कुठलीही गोष्ट तोलून, मधेच न अडकेल अशी बोलायचे.

"इंजिन चांगलं आहे, ब्रेक चांगले आहेत, तूही चांगली आहेस," जेवताना ते म्हणाले. "पण आवाज आला की तू दचकतेस, आणि दचकलीस की ब्रेक मारतेस. आवाज बंद कर. रविवारी आपण सगळे बसू. आतून एकसुद्धा आवाज आला, तर नोकरी दुसरी बघायची."

"एक?" दादा हसला. "बाबा, एक आवाज बंद झाला तर दुसरे चार ऐकू येतात त्या गाडीत. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. सोमवारी येतो म्हणालाय." दादाची नवी गाडी शेड रिकामी नाही म्हणून उन्हात उभी असायची, हे त्याचं जुनं दुखणं होतं.

"सोमवारी मी कामावर जाणार आहे," ती म्हणाली, आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली आणि तिच्या हातातली वाटी उडून दादाच्या ताटात पडली. सगळे हसले. तीही हसली. पण हसता हसता तिला अगदी लख्ख दिसलं, की हा रविवार हातचा गेला तर आपण याच घरात, याच स्टीलच्या कपातून चहा पीत म्हाताऱ्या होणार.

गॅरेजच्या ओळीत अगदी टोकाला गादीवाल्या काकांचं दुकान होतं. गाड्यांच्या सीटा शिवणं, आतलं अस्तर बदलणं हा त्यांचा धंदा, पण त्यांचं नाव होतं ते आवाज काढण्यासाठी. "मेकॅनिक गाडीच्या खाली जातो, मी गाडीच्या आत जातो," असं ते म्हणायचे. मंगळवारी सकाळी त्यांनी तिला गाडी चालवायला लावली, स्वतः मागे बसले, डोळे मिटले आणि तिला खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला घ्यायला सांगितलं. तो रस्ता म्हणजे खड्ड्यांना मधून मधून रस्ता पडलेला. परत आल्यावर त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकाखाली एक लिहिलं. कप्प्याचं झाकण, डाव्या दाराची काच, पट्ट्याचं बक्कल, मागची फळी, सीटचे रूळ. एकूण चौदा.

"चौदा!" ती म्हणाली.

"चौदा म्हणजे काहीच नाही, पोरी. माणसाला याहून जास्त असतात." त्यांनी पुठ्ठा तिच्या हातात दिला. "आता एक लक्षात ठेव. आवाज कानाने सापडत नाही. कान फसवतो. मागचा आवाज पुढून ऐकू येतो, उजवा डावीकडून. आवाज तळव्याने सापडतो. म्हणून हे काम दोघांचं. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून एकेका जागी तळवा टेकायचा. मी म्हणणार 'दाबलं', तू सांगायचं थांबला का. मी म्हणणार 'सोडलं', तू सांगायचं परत आला का. दाबल्यावर थांबला आणि सोडल्यावर आला, की तीच जागा. मग उघडायचं."

दोन दिवसांत त्यांनी चार आवाज काढले, आणि काढता काढता तिला शिकवलं. प्लॅस्टिकची चपटी पाचर दाराच्या फटीत सारून आतलं पॅनेल न तोडता कसं सोडवायचं, तुटकी क्लिप कशी ओळखायची, कुठे फेल्टच्या लोकरी कापडाची पट्टी लावायची, कुठे स्पंज भरायचा, रबराला तेल लावलं तर ते कसं फुगून वाया जातं. तिची बोटं बारीक होती, काकांची जिथे जात नसत तिथे सहज जायची. पॅनेल उघडताना ते 'टण्ण' करून सुटायचं, की ती दर वेळी टुणकन उडायची, आणि काका दर वेळी न हसता म्हणायचे, "उडून झालं? चल, पुढची क्लिप."

पण गुरुवारी काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती, आणि मोतीबिंदू काही तिच्या रविवारसाठी थांबणार नव्हता.

"कुणाला तरी मागे बसव," फेल्टची गुंडाळी तिच्या पिशवीत टाकत ते म्हणाले. "एकटीने होणार नाही. चालवणाऱ्याचे हात मोकळे नसतात."

दादाला विचारायचा प्रश्नच नव्हता. बाबांना एका कानाने कमी ऐकू यायचं आणि त्यांचे गुडघे मागच्या सीटवर मावायचे नाहीत. राहिली आई. आईला गाडी लागायची, तरी लेकीसाठी ती तोंडात लवंग धरून मागे बसली.

"आई, दाबलंस का?"

"कुठे दाबू?"

"त्या फळीवर, मागे. दाबलंस?"

"अगं, मी दाबत नाहीये, मी धरून बसलेय! हळू घे जरा!"

"आवाज थांबला बघ! आता सोड."

"सोडू? सोडलं तर पडेन की मी!"

पहिल्या वळणाला आईने लवंग थुंकली, दुसऱ्याला गाडी थांबवायला सांगितली, आणि रस्त्याच्या कडेला ओकून, पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाळा, मी तुझ्यासाठी जीव देईन, पण यात पुन्हा बसणार नाही." आणि रिक्षा करून घरी गेली.

म्हणून गुरुवारी दुपारी ती खाणीच्या रस्त्यावर एकटीच होती. लख्ख ऊन पडलेलं, दोन्हीकडे दगडाच्या धुळीने पांढरी झालेली झुडपं, आणि गाडीत दहा आवाज. ते सगळे एकदम बोलत होते, पण त्यातला एक सगळ्यांच्या वरचढ होता. मागून कुठून तरी, दातावर दात वाजावेत तशी बारीक, सलग टकटक. ती वाढली की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. एकदा कानाने वाटे डावं दार, एकदा वाटे थेट डोक्यावरचं छत. तिला रडू यायला लागलं. काकांची आठवण काढत, नाक ओढत, रिकाम्या गाडीत ती चिडून म्हणाली, "दाबलं का?"

टकटक थांबली.

बाकीचे नऊ आवाज चालूच होते, खड्डेही चालूच होते. फक्त ती एक टकटक, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी, मधोमध तुटली. तिने दहा-पंधरा खड्डे जाऊ दिले. मग अगदी हळू, स्वतःलाही नीट ऐकू येणार नाही अशा आवाजात, ती म्हणाली, "सोडलं."

टकटक सुरू झाली.

तिने ब्रेक मारला. मागून येणारा मोटारसायकलवाला गाडीला वळसा घालून, जाता जाता तिच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला. ते तिला ऐकूसुद्धा आलं नाही. ती दार उघडून बाहेर पडली आणि बराच वेळ उन्हात उभी राहून काचेतून आत बघत राहिली. मागची सीट रिकामी होती. सीटच्या मागे, काचेखाली, आडवी फळी होती. तिच्यावर करडी लव असलेलं कापड होतं, मखमलीसारखं, ज्यावरून बोट फिरवलं तर फिरवल्याची रेघ उमटते. त्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात लव दबली होती. एक तळवा, चार बोटं, एक अंगठा. आई बसली होती ती डावीकडे, खिडकीचं हँडल दोन्ही हातांनी धरून. बरं, सीटवर बसून मागे हात टेकला तर बोटं काचेकडे जातात. ही बोटं पुढे होती, तिच्या सीटकडे, जणू काचेच्या बाजूने कुणी हात पुढे केला होता.

आता दचकूबाईने काय करायला हवं होतं, ते सगळ्या घराने डोळे मिटून सांगितलं असतं. गाडी तिथेच टाकून ती धावत सुटली असती, आणि सोमवारी भंगारवाला खाणीच्या रस्त्यावर आला असता. तिचे पाय तसे वळलेही होते. पण त्या करड्या ठशाकडे बघता बघता तिच्या मनात भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते आल्यामुळे ती स्वतःच चकित झाली. दाबल्यावर थांबला, सोडल्यावर आला. म्हणजे तीच जागा.

तिने पाचर काढली आणि फळी तिथेच उघडली. ठशाच्या बरोबर खाली एक क्लिप तुटून पत्र्यावर लोंबत होती, नखाएवढी. तिने ती बदलली, भोवती फेल्ट गुंडाळलं, फळी बसवली, आणि त्याच रस्त्यावरून गाडी दोनदा नेली. टकटक गेली ती गेलीच. पुठ्ठ्यावरच्या यादीत तिने पाचवी रेघ ओढली, तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर दादाने गाडीबरोबर तिलाही भंगारात घातलं असतं.

शुक्रवारी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तिने स्वतःपुरते दोन नियम केले. आतला आरसा छताकडे वळवून ठेवायचा, मागचं बघायला बाहेरचे दोन आरसे पुरे. आणि आवाज थांबलेला असताना त्या बाजूला नजर टाकायची नाही. ती परीक्षेच्या आधी सगळ्या पेन्सिलींना टोक काढून ठेवणाऱ्यांतली होती. नियम केले की तिला धीर यायचा. खाणीचा रस्ता आला. तिने घसा साफ केला.

"पट्ट्याचं बक्कल," ती म्हणाली. "दाब."

बक्कल गप्प झालं.

"सोड."

बक्कल बोललं. तिने थांबून त्याच्यामागे स्पंजचा तुकडा चिकटवला.

"आता दाराची किरकिर. डावं दार. दाब. नाही, चालूच आहे. अजून खाली. अजून. हां! तिथेच. सोड."

दुपारपर्यंत तिची भीड पूर्ण चेपली होती. कॉलेजमध्ये प्रयोगाला जोडीदार मिळाला की तीच नेहमी टिपणं लिहायची आणि भांडी धुवायची, कारण दुसऱ्याला 'हे कर' सांगताना तिची जीभ अडखळायची. इथे ती सांगत होती आणि होत होतं. एकदा तर दोन आवाज एकमेकांत मिसळले होते, म्हणून तिने "दोन्हीकडे दाब" म्हटलं, आणि पुढचा दरवाजा आणि मागचं छत एकदमच शांत झालं. त्या दोन जागांमध्ये अंतर किती आहे, हा विचार तिने डोक्यात येऊ दिला नाही. पॅनेल 'टण्ण' करून सुटलं तेव्हा ती उडाली नाही, हे तिच्या लक्षात आलं ते पॅनेल परत बसवून झाल्यावर. संध्याकाळी पुठ्ठ्यावर दहा रेघा होत्या. जेवताना दादाने मुद्दाम तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि विचारलं, "काय रे, डास होता का?"

बाबांनी ताटातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. डोळ्यावर पट्टी असल्यामुळे ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते.

"किती झाले?"

"तेरा."

"तेरा? दोन दिवसांत नऊ? मला आठवडा लागला असता. कुणाला बसवलंस मागे?"

"आहे एकजण," ती म्हणाली.

"हात चांगला आहे गं त्याचा. विचार जरा, कुठे शिकला."

ती गाडीतच बसून बोलत होती. तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला, उत्तराची वाट पाहिल्यासारखा, आणि मग स्वतःच्याच या वागण्याचं तिला हसू आलं. "विचारते," ती म्हणाली. "काका, राहिलाय तो डॅशबोर्डचा. ऊन लागलं की करकरतो तो."

"तो सगळ्यात अवघड. सगळं पुढचं उतरवावं लागतं. मेकॅनिकही टाळतात. माझं ऐक, तो राहू दे, रविवारी ऊन चढायच्या आत गाडी फिरवून आण."

एरवी कुणी असं सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. पण तेरा रेघा ओढलेला पुठ्ठा मांडीवर होता, आणि चौदावी रेघ लबाडीने ओढायची तिला लाज वाटली. ती खाणीच्या रस्त्याला लागली. करकर सुरू झाली. जुन्या चपलेसारखी, हट्टी, तिच्या अगदी समोर.

"दाब," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, रस्त्यावरची नजर न हलवता, तिने डोळ्यांच्या कडेला काहीतरी असू दिलं. काचेखाली, धूळ बसलेल्या काळ्या डॅशबोर्डवर, ऊन थोडं कमी झालं होतं. करकर तिथे नव्हती. "सोड." ऊन परत आलं, करकरही. तिने गाडी थांबवली. धुळीत ठसा होता, आणि शेजारी तिने तुलनेला स्वतःचा हात टेकवून बघितला. ठसा तिच्यापेक्षा बोटभर मोठा निघाला, आणि त्याच्यावर एकही रेषा नव्हती.

चार तास लागले. अंगणात चादर अंथरून तिने स्क्रू काढले त्या क्रमाने मांडले, तारांचा जुडगा बाजूला केला, आणि ठशाच्या खाली, चोवीस वर्षं एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेल्या दोन कडा तिला सापडल्या. तिने मधे फेल्ट घातलं. दादा दारात उभा राहून बघत होता. "एक तरी स्क्रू उरणार," तो म्हणाला. एकही उरला नाही.

रविवारी सगळे बसले. बाबा पुढे, दादा आणि आई मागे. आईने लवंगांची पुडी आणि रिकामी पिशवी दोन्ही बरोबर घेतल्या होत्या. रस्ता दादाने निवडला, आणि अर्थातच खाणीचा निवडला.

पहिल्या खड्ड्याला दादा आपसूक हसायला तयार झाला आणि हसू तसंच राहिलं. गाडी खाली गेली, वर आली. नुसतं इंजिन गुणगुणत होतं. त्याने कान दाराला लावला. मग छताला. मग ओणवा होऊन सीटखाली. पुढच्या खड्ड्याला त्याचं डोकं बाबांच्या सीटवर आपटलं, आणि तो "आई गं" म्हणाला, तेव्हा बाबा मागे न बघता म्हणाले, "आवाज आला. पण तो गाडीचा नाही."

आई खुदकन हसली. मग सगळेच हसले, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत माणसांचं हसणं पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आलं. "जोरात घे," दादा हट्टाने म्हणाला. तिने घेतली. "त्या दगडावरून ने." तिने नेली. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला कुणीतरी अचानक भोंगा वाजवला; दादा दचकला, आणि स्टिअरिंगवरचे तिचे हात होते तसेच राहिले. बाबांनी तिचे ते हात पाहिले. घरासमोर गाडी थांबली, तरी ते काही वेळ उतरले नाहीत.

"जा," ते म्हणाले. "उद्या जा." आणि उतरताना, लिफ्ट दुरुस्त झाल्यावर तिच्या दारावर थाप मारायची त्यांची सवय होती, तशी त्यांनी गाडीच्या टपावर एक थाप मारली. खणखणीत, घट्ट आवाज आला.

"मानलं बाई तुला," दादा म्हणाला. मग मान खाजवत, "माझ्या गाडीला डावीकडून काहीतरी कुरकुरतंय. बघशील का एकदा?"

"नंबर लावावा लागेल," ती म्हणाली.

आई सगळ्यात शेवटी उतरली. पुडी उघडलीच नव्हती. "आश्चर्य बघ," ती लेकीच्या कानाशी म्हणाली, "एकदासुद्धा उलटी आली नाही मला. निघताना जरा ढवळलं होतं, पण मग कुणी पोटावर गरम हात धरावा ना, तसं वाटलं. आणि थांबलंच सगळं. ऊन येत असेल नाही त्या बाजूने?"

"येत असेल," ती म्हणाली. त्या बाजूला सावली होती. पण त्या दिवशी अशा गोष्टींना मनात जागा नव्हती. मन तुडुंब भरलं होतं.

सोमवारी सकाळी ती एकटी निघाली. चाळीस किलोमीटर तिने ते चालवण्यासाठीच जन्मल्यासारखे चालवले. ट्रक कानाशी गरजून गेले, एक कुत्रं आडवं आलं, पुलाच्या सांध्यांवरून चाकं गेली, आणि ती एकदाही दचकली नाही. कुत्र्यासाठी तिने ब्रेक लावला तोसुद्धा इतका अलगद, की कुत्र्याने थांबून तिच्याकडे बघितलं. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ती मोठ्याने गात होती.

फाटकाशी पोचली तेव्हा आठ वाजायला वीस मिनिटं होती. फाटक बंद होतं. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, काचा वर होत्याच. धरणाकाठची सकाळ काचेबाहेर राहिली आणि आत शांतता पसरली, तिने स्वतःच्या हातांनी तयार केलेली.

आणि त्या शांततेत एक आवाज होता.

तिच्या कपाळाला आठी पडली. ती भीतीची नव्हती, कारागिराची होती. चौदाच्या चौदा काढले, मग हा कुठला? टुक, टुक. बारीक, एकसारखा, जरा घाईतला. इंजिन बंद, म्हणजे इंजिनाचा नाही. तिने डॅशबोर्डवर तळवा टेकला, थांबला नाही. दारावर टेकला, थांबला नाही. ती सीटवरून डावीकडे सरकली तर तोही सरकला. ती वाकली तर तोही वाकला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती खळखळून हसली. पहिल्या दिवसाची धडधड! आपलीच! गाडी इतकी शांत झाली होती, की छातीतलंसुद्धा ऐकू येत होतं. काकांना हे सांगायलाच हवं.

फाटकापलीकडून पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन येताना दिसला. आता उतरायचं, नाव सांगायचं, नव्या माणसांसमोर उभं राहायचं. ही अशी वाजत असताना कसं जायचं, असं तिच्या मनात आलं, आणि ऊन अडवायच्या झडपेवरच्या छोट्या आरशात केस सारखे करता करता, तीन दिवसांच्या सवयीने, ती सहज म्हणाली, "दाब."

सीटच्या पाठीतून, दोन खांद्यांच्या मधे, किंचित डावीकडे, एक तळवा टेकला. हलका, ऊबदार, नेमक्या जागी.

आवाज थांबला.

फाटक उघडत होतं. पहारेकरी हसून तिला आत यायची खूण करत होता. त्याच्या हातातला जुडगा हलत होता आणि वाजत नव्हता. छोट्या आरशात तिचा चेहरा प्रसन्न होता, केस जागच्या जागी होते, हात स्टिअरिंगवर अगदी स्थिर होते. सोड, एवढंच म्हणायचं होतं.